महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी मांडला होता रुपया-पौंडाचा हिशेब

धार / देवास : धुळ्याहून आग्रा रोडने निघालं, सेंधवा मागे टाकलं, की खलघाटला नर्मदेच्या पुलावर धार जिल्हा लागतो. पुढे घाट चढून मानपूर, मग महू, इंदूर आणि देवास. खानदेशातली किती तरी मंडळी दर १४ एप्रिलला याच रस्त्याने महूला जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथला, १४ एप्रिल १८९१ चा. महूला जाणाऱ्यांना महाडचं तळं, काळाराम मंदिर, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळं पाठ असतं. त्याच माणसाने तरुणपणी रुपया आणि पौंड यांच्या भावावर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि लंडनच्या प्राध्यापकांशी वाद घातला, ही गोष्ट मात्र बहुतेक वेळा एका ओळीत आटोपली जाते.

ती एका ओळीत आटोपण्यासारखी नाही. रुपयाचा भाव वर गेला किंवा खाली आला तर कुणाच्या खिशातून जातं आणि कुणाच्या खिशात पडतं, हा प्रश्न त्यांनी विचारला होता.

माळव्याचा बाजार आणि अनेक रुपये

बाबासाहेबांचा जन्म झाला त्या सुमारास माळव्यात रुपया म्हटला की कोणता रुपया, हे आधी विचारावं लागे. इंदूर-उज्जैनकडचा हाली रुपया होता, प्रतापगडचा सालिमशाही होता आणि इंग्रज सरकारचा कलदार होता. प्रत्येकाची चांदी वेगळी, म्हणून भाव वेगळा. सराफ नाणं वाजवून बघायचा, बट्टा कापायचा आणि मग दुसरं नाणं हातात द्यायचा. महूची छावणी इंग्रजांची, म्हणजे पगार कलदारात. आजूबाजूचा मुलूख होळकरांचा आणि धार-देवासच्या पवारांचा.

संस्थानिकांनी आपली टांकसाळ बंद ठेवावी आणि नाणी ब्रिटिश टांकसाळीतून पाडून घ्यावीत, अशी सोय १८७६ च्या कायद्याने झाली होती. फार थोड्या संस्थानांनी ती घेतली. अलवर आणि बिकानेरने रुपये पाडून घेतले. फक्त तांब्याची नाणी घेणारी तिन्ही संस्थानं मात्र आपल्या माळव्यातली : धार, देवास आणि सैलाना. धारची नाणी १८८७ ची. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्यांची १८८८ ची. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला संस्थानचं नाव. जुनी नाणी जमवणारे आजही ती शोधत असतात.

१८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत असा रिवाज होता. बंदीनंतर कलदार हळूहळू चांदीच्या भावापासून सुटला आणि वर चढला. संस्थानी रुपये मात्र चांदीबरोबर घसरत राहिले. सालिमशाहीची गत अशी झाली की १९०४ मध्ये तो बदलून घेताना दोन सालिमशाहींना एक कलदार मिळाला. घरात मडक्यात पुरून ठेवलेली कमाई जागच्या जागी अर्धी झाली. ज्यांनी ठेवली त्यांचा दोष काय होता?

रोखपालाचा मुलगा

वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, लष्करी शाळेत शिकवणारे. कुटुंब मूळचं कोकणातल्या आंबडव्याचं. बाबासाहेब तीन-साडेतीन वर्षांचे असतानाच महू सुटलं. मग दापोली, मग सातारा. आई भीमाबाई साताऱ्यात वारल्या. निवृत्तीनंतर वडिलांनी सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी केली. वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांचे मसूर स्टेशनपासून पाण्यावाचून जे हाल झाले, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. तो प्रवास याच रोखपालाच्या नोकरीच्या गावी होता.

पुढे मुंबई, एल्फिन्स्टन, १९१२ ला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिन्याला १७२ रुपये ८ आणे. त्यातूनच न्यूयॉर्कची खोली, जेवण, पुस्तकं आणि घरी पाठवायचे पैसे भागवायचे होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला, मग सरकारी महसुलाच्या इतिहासावर काम केलं. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बडोद्यात नोकरी आणि राहायला जागा दोन्ही टिकू दिली गेली नाही, तो इतिहास वेगळा आणि कडू आहे.

नोव्हेंबर १९१८ ला ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. कॉमर्स शिकवणारं हे कॉलेज, आणि काळ असा की रोजच्या वर्तमानपत्रात रुपयाचाच धडा यायचा. पहिल्या महायुद्धात चांदी महागली होती. रुपयाच्या नाण्यातली चांदी वितळवली तर रुपयापेक्षा जास्त किमतीची होईल, अशी सरकारला धास्ती. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट निघाली. अमेरिकेतून चांदी विकत आणावी लागली. आणि रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवरून पायरी-पायरीने चढत गेला : १९१८ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स, १९१९ च्या मे महिन्यात १ शिलिंग ८ पेन्स, सप्टेंबरात २ शिलिंग, डिसेंबरात २ शिलिंग ४ पेन्स. (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.)

लंडनची दुसरी वारी

१९२० मध्ये नोकरी सोडून बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. गाठीला पगारातली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत. शाहू महाराजांचं नाव निघालं म्हणून सांगायचं : त्यांची लेक अक्कासाहेब १९०८ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिली होती. देवासला आजही कोल्हापूरचं नातं सांगणारी घरं आहेत ती यामुळे.

रुपये घेऊन पौंडाच्या देशात जायला याहून वाईट वर्ष शोधून सापडलं नसतं. फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने एका समितीच्या शिफारशीवरून रुपयाचा भाव सोन्याच्या हिशेबाने २ शिलिंग ठरवला. समितीतले एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी वेगळी टिपणी जोडून जुना १ शिलिंग ४ पेन्सच ठेवा असं बजावलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. त्याच महिन्यात बाजारात रुपया २ शिलिंग १० पेन्सच्या घरात पोचला. आणि मग कोसळला. भाव टिकवायला सरकारने सप्टेंबरपर्यंत सुमारे साडेपाच कोटी पौंड बाजारात ओतले, तरी काही उपयोग झाला नाही. वर्ष संपता संपता रुपया दीड शिलिंगाच्या आसपास होता. १९२१ च्या मार्चात १ शिलिंग ३ पेन्स.

आता एक हजार रुपयांचं गणित करा. २ शिलिंगाच्या भावाने त्याचे १०० पौंड होतात. १ शिलिंग ३ पेन्सने ६२ पौंड १० शिलिंग. एका वर्षात, घरमालकिणीचं भाडं तेच, पावाची किंमत जवळपास तीच आणि मुंबईहून येणाऱ्या रुपयांतून मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त गळालेला. सरकारच्या धोरणाची ही किंमत हिंदी विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये उपाशी राहून मोजली. इकडे मुंबईत रमाबाई थोडक्यात घर चालवत होत्या. लंडनमध्ये बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडायला हजर आणि बंद होताना बाहेर.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढच्या वर्षी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी दिला. त्याच काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं. जर्मन मार्क तेव्हा रोज कोसळत होता, पाव घ्यायला नोटांची थप्पी न्यावी लागायची. चलन हाताबाहेर गेलं की पगारदार माणसाचं काय होतं, त्याचं युरोपातलं सर्वात भयंकर उदाहरण तिथे डोळ्यांसमोर घडत होतं.

परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. सरकारवरची टीका त्यांना पचली नव्हती. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि पाठवून दिला. निष्कर्षांना हात लावला नाही. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथ छापला. नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची. शिष्याची बरीचशी मतं आपल्याला पटत नाहीत असं कॅनन यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं, पण मांडणीच्या ताजेपणाला दाद दिली. अर्पणपत्रिका मात्र आई-वडिलांना : शिक्षणासाठी त्यांनी सोसलं त्याबद्दल.

ग्रंथात आहे तरी काय

१८७३ च्या सुमारास रुपयाचा भाव १ शिलिंग १० पेन्सच्या आसपास होता. जर्मनीने चांदी सोडून सोनं धरलं, मागोमाग इतर देशांनीही, आणि जगभर चांदी स्वस्त झाली. रुपया चांदीचा, त्यामुळे तोही घसरला. १८९४-९५ मध्ये तो १ शिलिंग १ पेन्सवर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वेची देणी पौंडात भरायची होती. तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागू लागले आणि ते कराच्या रूपाने रयतेकडूनच आले.

यावर उपाय म्हणून १८९३ मध्ये टांकसाळी बंद झाल्या, १८९९ पासून पौंडाला १५ रुपये, म्हणजे रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स हा भाव बसवला गेला. पुढे हिंदुस्थानात रुपये सरकार पाडणार, त्यामागची सोन्याची गंगाजळी लंडनमध्ये ठेवणार आणि हुंड्या विकून भाव सांभाळणार, अशी पद्धत पडली. जॉन मेनार्ड केन्स या नामांकित अर्थतज्ज्ञाने १९१३ मध्ये पुस्तक लिहून तिचं कौतुक केलं. बाबासाहेबांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. रुपयात चांदी कमी, दर्शनी किंमत जास्त. म्हणजे प्रत्येक रुपया पाडताना सरकारला नफा. नफा मिळवणाऱ्याच्याच हातात किती रुपये पाडायचे हे ठरवायचं, मग हात आवरेल कसा? परदेशी भाव १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर दिसतो, पण देशात धान्य-कापडाचे भाव चढत असतील तर ती स्थिरता गरिबाच्या काय कामाची? त्यांच्या मते आधी रुपयाची घरातली खरेदीची ताकद सांभाळावी, हुंडणावळीचा भाव पाठोपाठ येतो. म्हणून उपाय असा की रुपये पाडण्याचा अधिकार सरकारकडूनही काढून घ्यावा, चलनाला पक्की मर्यादा घालावी आणि सोन्याचं नाणं सुरू करावं.

दुसरा मुद्दा जास्त बोचणारा होता. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचं भलं होतं, असं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. बाबासाहेबांनी हिशेब उलगडून दाखवला : भाव घसरतो तेव्हा वस्तूंच्या किमती लगेच वाढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. निर्यातदाराला मिळणारा तो जादा नफा बाहेरून येत नाही, तो देशातल्याच मजुराच्या पोटातून काढलेला असतो.

निमाड-खानदेशच्या कापसावरून हे चटकन समजतं. समजा शंभर पौंडांचा कापूस विलायतेला विकला. १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने १५०० रुपये येतात. १ शिलिंग ६ पेन्सने १३३३ रुपये ५ आणे ४ पै. मधले १६६ रुपये व्यापाऱ्याच्या डोळ्यांत भरणारच. पण जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या बाईची रोजंदारी दोन्ही भावांत तीच, आणि पहिल्या भावात तिचं मीठ-मिरची-लुगडं महाग.

आयोगासमोर

१९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग हिंदुस्थानात आला. प्रश्न एकच गाजत होता : सोळा पेन्स की अठरा पेन्स? मुंबईचे गिरणीमालक, व्यापारी आणि बरेचसे राष्ट्रीय पुढारी सोळा पेन्सच्या बाजूने होते. आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी तर पुढे वेगळी टिपणी लिहून सोळाचाच आग्रह धरला. सरकारला अठरा हवे होते.

३४ वर्षांच्या आंबेडकरांनी डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष दिली. त्यांनी सरळ सांगितलं की कमी भाव व्यापारी वर्गाला सोयीचा, जास्त भाव मिळवत्या, म्हणजे पगारावर आणि मजुरीवर जगणाऱ्या वर्गाला सोयीचा. दर दोन्हींच्या मधे ठेवावा, पण अठराच्या जवळ आणि सोळापासून लांब. सरकारच्या चलनपद्धतीवर सडकून टीका करायची आणि दराच्या बाबतीत मात्र राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या बाजूला जायचं नाही, ही भूमिका कुणालाच खूश करणारी नव्हती.

तिला आक्षेपही घेता येतो. शेतकरी हा नुसता मजूर नसतो, तो माल विकतो आणि सावकाराचं देणं रुपयात फेडतो. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव गडगडले तेव्हा अठरा पेन्सचा चढा दर कर्जदार कुणब्याला आणखी जड गेला, असं म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पण दर ठरवताना मजुराचा विचार त्यांनी टेबलावर आणला, हे विसरून चालत नाही.

आयोगाने १९२६ मध्ये अहवाल दिला. दर अठरा पेन्स, तो १९२७ च्या कायद्याने पक्का झाला. शिवाय एक मध्यवर्ती बँक काढा अशी शिफारस केली, आणि बऱ्याच खटपटीनंतर १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून जशीच्या तशी उभी राहिली असं लिहिलेलं असतं. ते तसं नाही. आयोगाने अनेकांच्या साक्षी घेतल्या होत्या आणि बाबासाहेबांना हवं असलेलं सोन्याचं नाणं तर साफ नाकारलं. त्यांचं मोठेपण दाखवायला त्या मेसेजची गरज पडत नाही.

पुढचा काळ

यानंतर महाडचा सत्याग्रह आला, गोलमेज परिषद आली, पुणे करार आला. अर्थशास्त्र मागे पडलं, पण सुटलं नाही. १९२५ मध्ये प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांच्याकडे मजूर खातं होतं. केंद्र आणि राज्यांत पैसा कसा वाटायचा ते सांगणारा वित्त आयोग संविधानात आला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचंही डॉलरच्या तुलनेत अवमूल्यन झालं, डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास होता तो ४ रुपये ७६ पैशांवर गेला, तेव्हा बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री होते आणि संविधान सभेचं काम शेवटच्या टप्प्यात होतं.

पौंडाशी असलेला अठरा पेन्सचा दर मात्र हलला नाही. ब्रिटनने १९३१ मध्ये सोनं सोडलं तरी नाही, इंग्रज गेले तरी नाही. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं तेव्हाही पौंडाचे ठरलेले रुपये १३, आणे ५, पै ४ होते. त्यानंतर चार महिन्यांतच, १ एप्रिल १९५७ ला, आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. अठरा पेन्स मोडला तो १९६६ च्या जूनमध्ये, पौंडाला २१ रुपये झाले तेव्हा.

महूचं नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं. तिथून इंदूर ओलांडून पुढे गेलं की देवास. जिथल्या दोन पात्यांची तांब्याची नाणी कधीकाळी परक्या टांकसाळीत पडत होती, त्या देवासला आता केंद्र सरकारच्या बँक नोट प्रेसमध्ये देशभरच्या नोटा छापल्या जातात.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची दुसरी आवृत्ती १९४७ मध्ये मुंबईच्या थॅकर कंपनीने काढली. नाव बदलून हिंदी चलन आणि बँकिंगचा इतिहास, खंड पहिला, असं केलं होतं. १९२३ नंतरची हकिगत दुसऱ्या खंडात यायची होती. त्याच वर्षी ते कायदेमंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दुसरा खंड निघालाच नाही.